खोली क्रमांक बाराचा नळ

चालू नळाविषयी इतका गाढ अविश्वास बाळगणारी दुसरी व्यक्ती पृथ्वीच्या पाठीवर होऊन गेली असेल, असे मला वाटत नाही. देवावर विश्वास नसणारी माणसे मी पाहिली आहेत. डॉक्टरांवर नसणारी तर आमच्या घरातच होती. परंतु आमच्या भूगोलाच्या बाई ज्या नजरेने नळासमोर उभ्या राहत, ती नजर एकदा पुरते फसवले गेलेल्या माणसाचीच असे. नळ धो धो वाहत असला, तर त्यांचा संशय अधिकच बळावे. "एवढं जोरात येऊन राहिलंय म्हणजे आता जाणार," असे म्हणून त्या हाताला लागेल ते भांडे त्याखाली धरत. मी लिहिण्याकडे फार उशिरा वळले आणि लिहिलेले चारचौघांत वाचून दाखवण्याचा धीर मला अजूनही होत नाही. तरीही बाईंविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण परदेशातल्या एका हॉटेलात त्यांच्यासोबत काढलेल्या सहा आठवड्यांची या बाजूची साक्षीदार आता मी एकटीच आहे.

बाई मूळच्या मुखेडच्या, एसटीतल्या कंडक्टरच्या कन्या. लातूरला मुलींच्या महाविद्यालयात भूगोल शिकवत. मी नांदेडला मराठी शिकवीत होते आणि नोकरीत त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठगावी उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा एक अभ्यासवर्ग भरत असे. थोडेफार मराठी शिकलेले विद्यार्थी तिथे येत आणि पुढे हिवाळ्यात मराठवाड्यातल्या खेड्यांत राहायला जात. त्यांना भाषा मी शिकवायची आणि मुलूख बाईंनी समजावून द्यायचा, अशी योजना होती. आमच्याकडे ते दुष्काळाचे लागोपाठ दुसरे वर्ष होते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या त्या गावात नळाला चार दिवसांतून एकदा, फार तर पाऊण तास पाणी येत होते. बाईंच्या मनात या दोन गोष्टींची जागा शेजारीशेजारी होती. जिल्हा झाल्याचा अभिमान आणि पाणी नसल्याची चिंता या दोन्ही भावना त्या एकाच वाक्यात, श्वास न घेता, व्यक्त करीत असत.

त्यांचे सामान म्हणजे दोन बॅगा. एकीत कपडे आणि झाकणाचे रिकामे स्टीलचे डबे. डबे रिकामेच का, असे मी मुंबईच्या विमानतळावर भीतभीत विचारले, तेव्हा "भरलेले कसे आणू, सांडतील की," एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या बॅगेत सतरा वह्या होत्या. गेली वीस वर्षे बाई सुट्टीच्या दिवशी एसटीने लातूर आणि मुखेडच्या आसपासच्या गावांना जात. हातहातावर गाठी मारलेली दोरी दगड बांधून विहिरीत सोडत आणि पाणी किती खोल गेले, ते वहीत लिहून ठेवत. एकूण एकेचाळीस विहिरी, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकीची भेट. कॉलेजात या छंदाला "बाईंची विहीरयात्रा" म्हणत आणि वह्या कुणी उघडून पाहत नसे. एका प्राचार्यांनी एक वही उघडली होती म्हणतात, पण ती टेबलावरची माशी मारण्यासाठी. बाईंना या उन्हाळी वर्गाची रजा तीन वर्षे झगडून मिळाली होती, ती परदेश पाहण्यासाठी नव्हती. हे विद्यार्थी पाण्यावर अभ्यास करतात, तेव्हा या वह्या वाचणारे कुणीतरी तिथे नक्की भेटेल, अशी त्यांची खात्री होती. विमानात ती बॅग त्यांनी पायांशी ठेवली आणि सबंध प्रवासभर तिच्यावर एक पाऊल ठेवून झोपल्या.

हॉटेल लहान होते, तीन मजल्यांचे. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, विधवा, आणि इस्त्री केल्यासारख्या ताठ. त्यांना मोजके इंग्रजी येत होते. त्यांनी नोंदवहीत फक्त देश लिहायला सांगितला; बाईंनी देश, राज्य, जिल्हा, तालुका आणि गल्ली असे सर्व लिहिले आणि जिल्ह्याखाली दोन रेघा ओढल्या. खोली क्रमांक बाराची किल्ली हातात पडताच त्या मजला चढून गेल्या. मी मागून दोन्ही बॅगा ओढत पोहोचले, तेव्हा स्नानगृहातून पाण्याचा आवाज येत होता. बाईंच्या पायांत अजून प्रवासातल्या चपला होत्या, खांद्यावर पर्स होती आणि त्या आंघोळीचा तो लांबलचक पांढरा टब काठोकाठ भरत होत्या.

"उभी काय राहिलीस माय? पाणी आलंय. डबे काढ."

"बाई, इथं चोवीस तास पाणी असतं."

"असतं म्हणत्यात. आमच्या नगरपालिकेनं बी तसंच छापलं होतं."

अर्ध्या तासात टब, बेसिन, सहा डबे, दोन ग्लास, फुलदाणी, कॉफीचे भांडे आणि कागद टाकण्याची टोपली ही सर्व भांडी भरली गेली. फुलदाणीतली फुले बाईंनी माझ्या उशाशी ठेवली. मग त्या पलंगावर बसल्या, भरलेल्या भांड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि प्रथमच चपला काढल्या.

यानंतर आमचे वास्तव्य सुरू झाले, ते एखाद्या लहानशा धरणाच्या काठी राहावे तसे. टबमध्ये साठा असल्यामुळे टबमध्ये आंघोळ करणे अर्थातच निषिद्ध होते. आम्ही दोघी त्या चकचकीत स्नानगृहात टबच्या बाहेर, कपड्याच्या घडीवर उकिडव्या बसून, कॉफीच्या भांड्याने अंगावर पाणी घेत असू. शिवाय साठवलेले पाणी दुसऱ्या दिवशी शिळे होते, हा आमच्याकडचा सर्वमान्य नियम. ताजे भरायचे तर शिळे आधी सत्कारणी लागले पाहिजे, आणि ओतून देणे हा शब्द बाईंच्या कोशात नव्हता. त्यामुळे सकाळी सहा वाजता त्या शिळ्या पाण्याने खोली पुसत, खोली झाल्यावर बाहेरचा व्हरांडा पुसत, तेवढ्याने संपले नाही तर तिन्ही मजल्यांचा जिना पुसत, आणि शेवटच्या दोन डब्यांचा हॉटेलाच्या दारापुढे रस्त्यावर सडा घालत. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन, तुमच्या मैत्रिणीला आमची स्वच्छता अपुरी वाटते का, असे अत्यंत दुखावल्या स्वरात विचारले. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. संकोच वाटला की माझे इंग्रजी मला सोडून जाते.

वरच्या मजल्यावर कुणी शौचालयाची साखळी ओढली की बाई वाचता वाचता थांबत. पाणी भिंतीतून खळखळत खाली जाई, त्याचा आवाज पूर्ण संपेपर्यंत त्या डोळे मिटून बसत आणि मग म्हणत, "गेली एक घागर." संध्याकाळी तासाभरात पाच-सहा घागरी जात. एका रविवारी वर एक मोठे कुटुंब उतरले होते. त्या दिवशी बाई जेवल्याच नाहीत.

वर्गाची हकीकत मात्र हसण्यासारखी नव्हती. विद्यार्थी सात होते. पाचांपेक्षा कमी झाले, तर नियमाप्रमाणे वर्ग बंद करून आम्हांला परतीच्या विमानात बसवायचे, हे संचालकांनी पहिल्याच दिवशी सौजन्याने सांगितले होते. हे संचालक म्हणजे मितभाषी प्राध्यापक होते आणि त्यांच्या वर्गात महाराष्ट्राचा एक भव्य, कापडावर चिकटवलेला नकाशा होता. तो त्यांनी तरुणपणी भारतातून स्वतः खांद्यावरून आणला होता. बाईंनी पहिल्या तासाला त्या नकाशाकडे पाहिले. लातूर त्यात उस्मानाबाद जिल्ह्याच्या पोटात होते. बाईंनी पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि कुणाला काही कळायच्या आत, तालुक्यांची नावे मोठ्याने उच्चारत, औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर असे करीत नवा जिल्हा कापून वेगळा केला. संचालक मागच्या बाकावर बसले होते. त्यांचा चेहरा ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा झाला. "सरहद्द जरा वाकडी आली," बाई मागे सरकून म्हणाल्या, "पण जिल्हा झाला."

उरलेला तास विद्यार्थ्यांनी तालुके पाठ करण्यात गेला. आठवडा संपेपर्यंत दोघांनी वर्ग सोडला. पाच उरले.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पाण्याचा विषय घेतला. चार दिवसांनी पाणी येते, पाऊण तास येते, वेळ ठरलेली नसते, असे त्यांनी तळमळून सांगितले. मुलांनी ते नीटनेटके लिहून घेतले. मग मार्टिन नावाचा एक उंच, प्रामाणिक विद्यार्थी हात वर करून म्हणाला, "बाई, मला एक गोष्ट कळत नाही. चौथ्या दिवशी गर्दी होते, तर लोक दुसऱ्या दिवशी का भरत नाहीत?"

तो चेष्टा करीत नव्हता. चेष्टा केली असती तर बाईंनी त्याला आनंदाने झोडपले असते. तासानंतर बाईंनी पहिली वही त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा त्याने चार पाने उलटली, "फार आकडे आहेत," असे नम्रपणे म्हणून ती परत केली आणि आपण बहुधा सोमवारपासून दुसऱ्या वर्गाला जाऊ, हेही तितक्याच नम्रपणे सांगितले. तो गेला की चार उरणार होते.

त्या दुपारी बाई हॉटेलात परतल्या, त्या चपलांसकट पलंगावर बसल्या. "गाठोडं उचलून आणलं तसंच परत न्यायचं का गं?" त्या बॅगेकडे पाहत म्हणाल्या. मी धीर देण्यासाठी काहीतरी पुटपुटले. त्यांनी ते ऐकले नाही. त्या नळाकडे टक लावून पाहत होत्या, आणि नळातून, टबातले पाणी पुरेसे नसल्यासारखे, टप टप थेंब गळत होते. अचानक त्या उठल्या. "त्या पोराची चूक न्हाई. ह्याची हाय," नळाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "चल खाली. मालकिणीला सांगायचंय, आमचं पाणी तोड."

मला वाटले, उन्हाने त्यांना काहीतरी झाले. पण तिकडे ऊन असे नव्हतेच. मालकीणबाईंसमोर उभी राहून मी ती विनंती इंग्रजीत कशीबशी मांडली: खोली क्रमांक बाराचे पाणी बंद करावे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काही तक्रार आहे का?"

"तक्रार हीच की पाणी येतं," बाई मराठीत म्हणाल्या. मी भाषांतर केले. दुसरा मार्ग नव्हता.

मग मी सर्व समजावून सांगितले. विद्यार्थी इथे येतील. चार दिवसांतून एकदा, पाऊण तास, तळघरातली तोटी उघडायची आणि पुन्हा बंद करायची. लढाई संपली त्या वर्षी आपली आई बादली घेऊन चौकातल्या पंपाशी रांगेत उभी राहत असे, असे मालकीणबाई म्हणाल्या, आणि लगेच, जणू आपण अनावश्यक बोललो असे वाटून, त्यांनी वही पुढे ओढली. "ठीक. कोणत्या वाराला, किती वाजता?"

"वेळ सांगायची न्हाई," बाई म्हणाल्या.

इथे मात्र बोलणी फिसकटण्याची वेळ आली. पाणी तोडायला मालकीणबाईंची हरकत नव्हती. पाहुण्याला पूर्वसूचना न देता तोडायचे, आणि पूर्वसूचना न देता सोडायचे, ही गोष्ट त्यांच्या रक्तातच नव्हती. त्यांनी दारावर टंकलिखित सूचना लावण्याची तयारी दाखवली. बाईंनी ती नाकारली. मालकीणबाईंनी निदान आदल्या दिवशी कळवण्याची परवानगी मागितली. "आदल्या दिवशी कळलं तर लातूर कसलं मग?" बाईंचा सवाल. अखेरीस तोडगा निघाला. मालकीणबाई सर्व वेळा आधीच ठरवून कागदावर लिहितील, कागद पाकिटात घालून लाख लावतील, पाकीट तिजोरीत ठेवतील आणि अभ्यासवर्ग संपल्यावर ते आमच्यासमोर उघडून, आपण वेळा काटेकोर पाळल्याचे सिद्ध करतील. आमच्या नगरपालिकेचा कारभार इतक्या सचोटीने कधी चालला नसेल.

शुक्रवारी पाचही विद्यार्थी खोलीत आले. बाईंनी टब रिकामा केला होता. मार्टिनने नळ फिरवला. नळ कोरडा होता. त्याने तो उलटा फिरवला, मग वाकून त्यात पाहिले.

"कधी येईल?"

"काय माहीत."

"मग आम्ही काय करायचं?"

"वाट बघायची. बस."

वाट पाहणे हा विषय अभ्यासक्रमात नव्हता, आणि ती मुले त्यात अगदीच कच्ची होती. पहिल्या दिवशी ती दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळ्या लावल्या, कारण पाणी येईल तेव्हा खोलीत कुणी नसले तर आणखी चार दिवस गेलेच, हे आता त्यांना कळले होते. प्यायचे पाणी बाई डब्यातून मोजून देत. बसून बसून कंटाळा येई, आणि त्या खोलीत वाचण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. म्हणून वह्या उघडल्या गेल्या. मार्टिन निव्वळ कंटाळ्यापोटी तिसऱ्या वहीपर्यंत पोहोचला आणि मग त्याने पेन्सिल मागितली. "ही सतरा नंबरची विहीर," तो म्हणाला, "शेजारच्या विहिरी आटल्या तरी हिचं पाणी हलत नाही. का?"

"ते मलाच कुणीतरी सांगावं म्हणून तर आले माय इथवर," बाई म्हणाल्या. त्याला 'माय' म्हटल्याचे त्यांच्या ध्यानात आले नाही.

सोमवारी तो दुसऱ्या वर्गाला गेला नाही. त्याची नळापाशी पाळी होती.

मंगळवारी सकाळी संचालक वर्ग पाहायला आले. किती विद्यार्थी उरले, हे मोजून पुढचा निर्णय त्यांना त्या दिवशी करायचा होता. वर्गात लाल रेघेच्या नकाशाखेरीज कुणी नव्हते. ते विचारत विचारत हॉटेलात आले आणि जिना चढू लागले, नेमक्या त्याच क्षणी नळाने घरघर केली. पाणी येण्याआधी नळ एक दीर्घ, दमेकऱ्यासारखा श्वास घेतो. ज्यांनी तो ऐकला आहे, त्यांना झोपेतही जाग येते. चार दिवसांत बाईंनी तो श्वास मार्टिनला तोंडाने काढून दाखवला होता. तो व्हरांड्यात धावत आला आणि निर्दोष मराठीत ओरडला, "बाई, नळ आला."

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. युटा नावाची एक अबोल मुलगी हातात डबा घेऊन बाकीच्यांच्या मागे "कृपया, कृपया" करीत उभी होती. "कृपया म्हणशील तर तहानेनं मरशील," बाई कडाडल्या. "कोपर घाल. नंबर माझा हाय म्हण." त्या मुलीने डोळे मिटून कोपर घातले आणि ते संचालकांच्या बरगडीत लागले, कारण ते नेमके तेव्हाच दारात पोहोचले होते. बाईंनी त्यांच्याकडे वळून न पाहता भरलेली फुलदाणी मागे केली. "उभा कामून राहिलास? धर. सांडू नको." संचालकांनी ती धरली. मग त्यांनी टोपली धरली, नंतर आपला कोट काढून पलंगावर ठेवला, आणि टब भरेपर्यंत डबे पुढे देण्याच्या रांगेत ते तिसरे होते. पाऊण तास संपताच, ठरल्या मिनिटाला, धार बारीक होत तुटली. सगळे भिजलेले, धापा टाकणारे, एकमेकांकडे बघून हसत होते. संचालकांनी तेवढ्यात विद्यार्थी मोजले. पाच होते. त्यांनी कोट घातला, "उरलेले तास इथेच घ्या," असे म्हटले आणि ओल्या बुटांनी ते जिना उतरले.

वर्ग सहा आठवडे पुरा चालला. शेवटच्या दिवशी लाखेचे पाकीट उघडले आणि सर्व वेळा मिनिटामिनिटाला जुळल्या. मालकीणबाईंनी तो कागद बाईंना सही करून भेट दिला. सतराही वह्या मार्टिनने नकलून घेण्यासाठी मागितल्या. वीस वर्षे बाईंनी ज्या मागणीची वाट पाहिली, ती आता आली होती. "एकेक पान जपून उलट," असे त्या दोनदा म्हणाल्या आणि बॅग त्याच्याकडे सरकवून दिली. परतीच्या विमानात पाय ठेवायला खाली काही नव्हते. सबंध प्रवासात त्या झोपल्या नाहीत.

वह्या त्या हिवाळ्यात, विद्यार्थ्यांसोबत, सुखरूप लातूरला आल्या. पुढच्या पावसाळ्यात मी बाईंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी दारातच एक निळे परदेशी पत्र माझ्या हातात दिले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता. मार्टिनने लिहिले होते की, अकराव्या वहीत एका वर्षीच्या जून महिन्यात एकाही विहिरीची नोंद नाही. वीस वर्षांत एवढा एकच महिना कोरा आहे. ही चूक कशी झाली?

"पाहिलंस? चूक काढली," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी चूक काढली."

मी वर्ष पाहिले. त्या जूनमध्ये बाईंचे यजमान गेले होते. आमच्या नांदेडच्या स्टाफरूममधूनही तेव्हा दोघी-तिघी लातूरला जाऊन आल्या होत्या. बाईंनी उत्तर लिहून ठेवलेच होते, आणि त्यातले मराठी एकदा तपासून दे, म्हणून तो कागद माझ्यापुढे केला. "त्या महिन्यात मोजणाऱ्याला सवड झाली नाही. चूक मान्य आहे. पुन्हा होणार नाही," एवढीच तीन वाक्ये होती.

मी कागद दोनदा वाचला आणि काहीही न बदलता परत केला. बाईंनी तो पाकिटात घातला, पाकीट चिकटवले, आणि खिडकीतून बाहेर पाहत हळूच म्हणाल्या, "वाचून राहिलेत गं ते."